सुट्टीही उपचारातच धरावी

मे महिना लागला की पुणे-लोणावळा लोकलमध्ये मुलांची गर्दी वाढते. कुणी मामाच्या गावाला निघालेले असते, कुणी मळवलीला उतरून लोहगड-विसापूर चढायला. त्याच गाडीत कधीतरी तोंडाला मास्क आणि डोक्यावर टोपी घातलेला एखादा मुलगा आईच्या खांद्याला टेकून बसलेला दिसतो. आईच्या पिशवीत डबा असतो, उकळलेल्या पाण्याची बाटली असते आणि रुग्णालयाची जाडजूड फाइल असते. शाळेला सुट्टी त्याचीही असते. पण ती कित्येक महिने चालू असते आणि तिच्यात सुट्टीसारखे काहीच नसते.

कर्करोग झालेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी मोफत उन्हाळी शिबिरे भरवण्याची कल्पना अनेकांना भाबडी वाटते. औषधांसाठी पैसे कमी पडतात तिथे शिबिरे कशाला, हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर देण्याआधी हा आजार मुलाकडून आणि घराकडून काय काय काढून घेतो, ते पाहायला हवे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा, आणि त्यातही 'अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया'. याचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिले काही महिने कठीण असतात. मुलाला वारंवार दाखल व्हावे लागते, पाठीच्या मणक्यातून औषध द्यावे लागते, केस जातात, तोंड येते, पांढऱ्या पेशी घसरतात आणि साध्या तापानेही जीव धोक्यात येऊ शकतो. त्यानंतर येतो तो बराचसा घरी राहून घ्यायच्या गोळ्यांचा लांब टप्पा. या काळात मूल चालते-फिरते, पुष्कळदा शाळेतही जाऊ शकते. पण तोवर शाळेची सवय मोडलेली असते आणि मित्र पुढच्या वर्गात गेलेले असतात. शेजारच्या घरात 'त्याच्याजवळ जाऊ नको, लागण होईल' असे कुणीतरी बोलून गेलेले असते. कर्करोग संसर्गजन्य नाही, हे वाक्य प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लिहिलेले सापडते. गल्लीत मात्र ते अजून पोहोचलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले आणि किशोरवयीन कर्करोगाने आजारी पडतात. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. २०१८ मध्ये संघटनेने जागतिक उपक्रम जाहीर केला आणि २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट ठेवले. ही दरी केवळ औषधांची नाही. निदान उशिरा होते, पोषण अपुरे असते, जंतुसंसर्ग होतो आणि उपचार अर्ध्यावर सुटतो. यातले शेवटचे कारण सर्वांत जास्त टोचणारे आहे, कारण बरे होऊ शकणारे मूल तिथे हातचे जाते.

उपचार अर्ध्यावर का सुटतो?

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा अनुभव इथे उपयोगी आहे. २००९ च्या सुमारास तिथे दर पाच मुलांमागे जवळपास एकाचे पालक उपचार नाकारत किंवा मध्येच सोडून जात. त्यानंतर बालकर्करोग विभागाने औषधांबरोबर इतर गोष्टींकडे लक्ष दिले. पैशांची जुळवाजुळव, राहण्याची सोय, आहार, समुपदेशन आणि न आलेल्या कुटुंबाला फोन करून बोलावणे ही कामे नेमून दिलेल्या माणसांकडे सोपवली. पुढच्या काही वर्षांत उपचार सोडण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आले. यासाठी कोणत्याही नव्या औषधाचा शोध लागावा लागला नाही.

या कामात अनेक संस्थांचा हात आहे. परळचे पदपथ पाहिलेल्या कुणालाही राहण्याच्या जागेचे मोल सांगावे लागत नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी कित्येक वर्षे बाहेरगावच्या रुग्णांना छप्पर दिले. २००६ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सनी लहान मुलांच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र घरे उभी केली. कडल्स फाउंडेशन आहाराचे काम करते. कॅनकिड्सने 'कॅनशाळा' काढून उपचार चालू असताना शिक्षणाचा धागा जोडून ठेवला. बऱ्या झालेल्यांचा 'उगम' हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने उभा राहिला. म्हणजे छप्पर, ताट, पुस्तक आणि पुढचे आयुष्य यांचा विचार आपल्याकडे सुरू झालेला आहे. राहिले आहे ते खेळणे.

बालदिनाला रुग्णालयांत कार्यक्रम होतात, वॉर्डात जादूचे प्रयोग होतात, संस्था मुलांना एखाद्या दिवसाच्या सहलीला नेतात. ते चांगलेच आहे. पण आई, वडील आणि भावंडे यांच्यासह दोन-तीन रात्रींचा मुक्काम, सोबत डॉक्टर-परिचारिका, आणि दरवर्षी ठरलेल्या दिवशी होणारे शिबिर ही गोष्ट वेगळी आहे. ती अजून आपल्या उपचाराच्या आराखड्यात आलेली नाही.

हवापालट आणि औषध

मावळाला ही कल्पना परकी वाटायला नको. एके काळी तळेगाव, लोणावळा, खंडाळा ही नावे 'हवापालट' या शब्दाला जोडूनच घेतली जात. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला घाटमाथ्याच्या हवेत पाठवायचे, दूध-तूप द्यायचे, संध्याकाळी चालायला लावायचे, हा घराघरांतला उपचार होता. तळेगावच्या जुन्या जनरल हॉस्पिटलच्या नावातच 'कॉन्व्हलेसंट होम' हे शब्द होते. आजार गेला तरी माणूस लगेच उभा राहत नाही, मधल्या काळासाठी त्याला एक जागा लागते, हे त्या पिढीला मान्य होते. पाचगणीत डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केले, तेही याच समजुतीतून.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोगावर एक महत्त्वाचा अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच. गोळ्या दोघांना सारख्याच दिल्या. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले, की घरी राहिलेले रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले होते. म्हणजे गुण हवेचा नव्हता, औषधाचा होता. त्या अभ्यासाने जगभरच्या क्षयरोग उपचाराची दिशा बदलली आणि गरिबांना कुटुंबापासून महिनोन्‌महिने तोडण्याची गरज संपवली.

मद्रासचा धडा शिबिरांनाही लागू आहे. शिबिराने कर्करोग बरा होत नाही. शुद्ध हवा, हसणे किंवा सकारात्मक विचार यांनी रक्तातल्या कर्कपेशी मरत नाहीत, आणि तसे सूचित करणारे पत्रक कुणी छापले तर त्यावर आक्षेप घ्यायला हवा. परदेशांत या शिबिरांवर झालेल्या अभ्यासांतही जपूनच बोललेले आढळते. मुलांचा आत्मविश्वास वाढतो, एकटेपणा कमी होतो, समवयस्कांशी नाते जुळते असे त्यांत दिसते. पण अभ्यास बहुतेक छोटे आहेत आणि परिणाम किती टिकतो याचा पुरावा अपुरा आहे.

तरीही शिबिराची बाजू भक्कम आहे, ती दुसऱ्या कारणासाठी. मद्रासच्या अभ्यासाने रुग्णाला घरच्यांत ठेवले. बालकर्करोगात उलटे होते. इथे उपचारच घर फोडतो. आई मुलाला घेऊन शहरात, वडील कामावर किंवा कर्जाच्या मागे, आणि धाकटी बहीण आजीकडे. मूल बरे होत जाते, घर मात्र विखुरलेले राहते. शिबिराचे काम हे घर तीन दिवसांसाठी पुन्हा एकत्र आणण्याचे आहे.

विसरलेली भावंडे

या सगळ्यात सर्वांत कमी बोलले जाते ते निरोगी भावंडांबद्दल. समजा, वडगाव मावळच्या एका नऊ वर्षांच्या मुलाला हा आजार झाला आणि त्याला सहा वर्षांची बहीण आहे. भावाला ताप आला की घर धावते. तिला ताप आला तर 'आता तूही?' असे ऐकावे लागते. भावाला भेटायला येणारे खेळणी आणतात, तिच्यासाठी कुणी आणत नाही. तिला राग येतो आणि रागाची लाजही वाटते. भाऊ आपल्यामुळेच आजारी पडला, असेही तिला वाटू शकते. लहान मुले असा विचार करतात. तिला हे विचारणारे कुणी नसते. आणि वेळ आलीच, तर अस्थिमज्जा जुळते का हे पाहण्यासाठी पहिली तपासणी तिचीच होते.

पाश्चात्त्य देशांतल्या शिबिरांनी ही गोष्ट लवकर ओळखली. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९८४ मध्ये सुरू झालेले 'कॅम्प सनशाइन' संपूर्ण कुटुंबासाठी आहे आणि कुटुंबाला त्याचे पैसे पडत नाहीत. अभिनेता पॉल न्यूमन याने १९८८ मध्ये कनेटिकटमध्ये गंभीर आजारी मुलांसाठी 'होल इन द वॉल गँग कॅम्प' उभा केला. त्याच्या प्रेरणेतून १९९४ मध्ये आयर्लंडमध्ये 'बॅरेट्सटाउन' सुरू झाले. तिथे भावंडांसाठी वेगळी शिबिरे होतात, तशीच मूल गमावलेल्या कुटुंबांसाठीही. खेळाच्या मैदानाइतकीच तिथली वैद्यकीय व्यवस्था सज्ज असते, पण ती मुलांच्या डोळ्यांवर येत नाही.

मुलांना एकमेकांकडून जे मिळते ते डॉक्टरांना देता येत नाही. टक्कल असलेल्या दहा मुलांत टोपी काढून ठेवायला धैर्य लागत नाही. उपचार संपवून तीन वर्षे झालेली, दाट केसांची, दहावीला बसलेली एखादी ताई गोष्ट सांगायला समोर बसली की 'तू बरा होशील' हे वाक्य वेगळे म्हणावे लागत नाही. आई-वडिलांचेही तसेच. वॉर्डात दोन आया एकमेकींना विचारतात ते काउंट किती आला. रात्री अंगणात बसल्यावर नवऱ्याची नोकरी, सासूचे टोमणे, दुसऱ्या मुलाची शाळा, स्वतःची झोप यांवर बोलणे निघते.

मुलींचा विचार इथे वेगळा करावा लागेल. उपचारासाठी रुग्णालयात येणाऱ्या मुलांत मुलींचे प्रमाण कमी आढळते आणि त्याचे कारण केवळ जीवशास्त्रीय नाही, हे भारतातल्या अभ्यासांतून दिसले आहे. 'पुढे लग्नाचे काय' हा प्रश्न सात वर्षांच्या मुलीच्या फाइलवरही सावली टाकतो. आजार झाल्याचे लपवले जाते, म्हणून शिबिरालाही पाठवले जात नाही. निमंत्रण देतानाच मुलींच्या घरी दोनदा बोलावे लागेल आणि फोटो काढले जाणार नाहीत, याची हमी द्यावी लागेल.

शिरगावसारखी जागा

असे शिबिर कुठे घ्यावे? देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव या स्थानकांच्या पट्ट्यात, सोमाटणे फाट्याजवळचे शिरगाव हे विचार करण्याजोगे ठिकाण आहे. प्रतिशिर्डी म्हणून ते पुणे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतल्या रुग्णालयांशी रस्त्याने आणि रेल्वेने जोडलेले आहे. तळेगावला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयही गाठता येते. जागा निवडताना निसर्गाआधी हाच निकष लावायचा असतो. लोहगडाच्या पायथ्याशी किंवा पवना धरणाच्या काठी दृश्य अधिक देखणे मिळेल. पण पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर पहिले प्रतिजैविक शिरेतून तासाभरात जायला हवे. दृश्यासाठी हा तास घालवता येत नाही.

याच कारणाने काही नियम कठोर ठेवावे लागतील. उपचाराच्या तीव्र टप्प्यातल्या मुलांना मुक्कामाला आणू नये. त्यांच्यासाठी रुग्णालयाजवळ एका दिवसाचा कार्यक्रम ठेवावा. मुक्कामाला गोळ्यांच्या टप्प्यातली आणि उपचार संपलेली मुले घ्यावीत, तीही त्यांच्या डॉक्टरांच्या लेखी संमतीने आणि ताजी रक्ततपासणी पाहून. मागच्या तीन आठवड्यांत घरात किंवा शेजारी कांजिण्या झाल्या असतील, तर त्या कुटुंबाने पुढच्या शिबिराला यावे. कांजिण्या आणि गोवर या मुलांना जीवघेणे ठरू शकतात. पाणी उकळलेले, जेवण ताजे आणि गरम, कापून ठेवलेली फळे नाहीत. शिरेत नळी असलेल्या मुलाने पोहायचे नाही, प्लेटलेट कमी असलेल्याने झाडावर चढायचे नाही. काही औषधांमुळे त्वचा उन्हाला लवकर भाजते, म्हणून दुपारी सावलीतले खेळ. बांधकामाच्या किंवा धान्याच्या धुळीजवळ मुक्काम नको, कारण बुरशीचे संसर्ग तिथून येतात. आणि शिरगावात शिबिर घ्यायचे तर गुरुवार टाळावा; दर्शनाच्या गर्दीत ही मुले नेणे योग्य नाही.

मावळातल्या शेतकरी घरांसाठी तारखांचाही विचार हवा. मृगाच्या तोंडावर वडील शेतातून निघू शकत नाहीत, म्हणून मेचा पहिला पंधरवडा बरा. मोलमजुरी करणाऱ्यांसाठी 'मोफत' या शब्दाचा अर्थ आणखी पुढे न्यावा लागतो. शिबिराची फी नाही, पण तीन दिवसांचा रोज बुडाला, तर ते शिबिर त्या घरासाठी मोफत राहिले नाही. गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी धरूनच खर्चाचा हिशेब मांडायला हवा. तसे केले नाही तर मोफत शिबिराला येतील ती ज्यांना यायला फारसे अवघड नव्हते तीच कुटुंबे.

पैसा कुठून यावा? महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून केमोथेरपीचा खर्च भागतो. कर्करुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, पण ती उपचारासाठीच्या प्रवासाला. सरकारी कागद मुलाला रुग्णालयापर्यंत पोहोचवतात आणि तिथेच थांबतात. सरकारने शिबिरे स्वतः भरवावीत असे नाही. पण बालकर्करोगाच्या उपचार केंद्राला वर्षातून एकदा शिबिरासाठी एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षक कामाच्या वेळेत पाठवण्याची मुभा देणे, १०८ ची रुग्णवाहिका त्या दिवसांत जवळच्या केंद्रावर राहील एवढे पाहणे, हे आजच्या व्यवस्थेत बसू शकते. उरलेल्या खर्चासाठी २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाची तरतूद आहे, आणि तळेगाव-चाकण पट्ट्यात कारखान्यांची वाण नाही. फक्त देणगीदाराने बॅनर, टी-शर्ट आणि मुलांच्या हाती धनादेशाचा मोठा फलक यांचा हट्ट सोडावा. आजारी मुलाचा चेहरा ही जाहिरातीची जागा नव्हे.

सुरुवात लहान असावी. पंधरा कुटुंबे, तीन दिवस, शाळेची किंवा धर्मशाळेची एक इमारत. पुण्याच्या गरवारे बालभवनासारख्या संस्थांनी मुलांना मोकळेपणाने खेळू देण्याचा वसा अनेक वर्षे चालवला आहे. त्या अनुभवातून तयार झालेले कार्यकर्ते इथे लागतील. भाषणे, सत्कार, प्रेरणादायी व्याख्याने टाळावीत. माती, रंग, गोष्टी, पतंग, रात्री आकाशातले तारे एवढे पुरते. शिबिरानंतर सहा महिन्यांनी प्रत्येक घराला फोन करून चार प्रश्न विचारावेत: मूल शाळेत जाते का, औषधाची वेळ चुकली का, भावंड कसे आहे, शिबिरातल्या कुणाशी बोलणे होते का. शिबिर पुढे चालवायचे की नाही, हे या उत्तरांवरून ठरावे.

एक अवघड गोष्ट उरते. पंधरा मुलांतली सगळीच पुढच्या मेमध्ये येतील असे नाही. आजार उलटू शकतो. शिबिरात झालेला मित्र गेला, हे एखाद्या मुलाला सांगावे लागेल. अनेक मोठी माणसे याच भीतीने म्हणतील, की मग ओळखच नको. पण वॉर्डातल्या मुलांना शेजारची कॉट रिकामी झालेली दिसते, आणि मोठे विषय बदलतात हेही दिसते. शिबिराने निदान त्या दुःखाला नाव आणि सोबत मिळते. गेलेल्या मुलाच्या आई-वडिलांनाही पुढच्या वर्षी बोलावणे जावे. यायचे की नाही ते त्यांनी ठरवावे.

मुलाचा कर्करोग बरा करणे म्हणजे त्याला पुन्हा मूल म्हणून घरी पाठवणे. उपचाराच्या अडीच वर्षांत सुमारे नऊशे दिवस येतात. त्यांतले तीन दिवस शिरगावच्या एखाद्या अंगणात आई, वडील आणि बहिणीसोबत खेळण्यात गेले, तर औषधांच्या वेळापत्रकात काही बिघडत नाही. ते तीन दिवस त्या वेळापत्रकातच लिहिलेले असावेत.